डी व्हॅलेरा : सत्तेबाहेरचे एक वर्ष

१८ एप्रिल १९४९ रोजी, ईस्टर सोमवारच्या पहिल्या मिनिटाला, डब्लिनच्या ओकॉनेल पुलावरून २१ तोफांची सलामी झडली आणि आयर्लंड प्रजासत्ताक झाले. ३३ वर्षांपूर्वी अशाच एका ईस्टर सोमवारी, तेथून जवळच असलेल्या मुख्य टपाल कचेरीसमोर या प्रजासत्ताकाची पहिली घोषणा झाली होती. त्या बंडाच्या सेनानींपैकी मृत्युदंडातून वाचलेले सर्वांत नामवंत पुरुष मात्र या सोहळ्यात नव्हते. एमन डी व्हॅलेरा आणि त्यांचा फियाना फॉल पक्ष यांनी समारंभाचे निमंत्रण नाकारले होते. ज्याने प्रजासत्ताकासाठी उभे आयुष्य वेचले त्यानेच त्याच्या जन्मोत्सवाकडे पाठ का फिरवावी? पराभूत पुढाऱ्याचा रुसवा हे उत्तर सोपे आहे आणि त्यात थोडे तथ्यही आहे. पण ते पुरेसे नाही.

डी व्हॅलेरा यांचा जन्म १८८२ साली न्यूयॉर्कमध्ये झाला. आई आयरिश, वडील स्पॅनिश वंशाचे. दोन वर्षांच्या या पोराला लिमरिक परगण्यातील ब्रुरी येथे आजोळी पाठविण्यात आले. पुढे ते गणिताचे शिक्षक झाले. आयरिश भाषा ज्यांच्याकडे शिकले त्या शिनेड यांच्याशीच त्यांनी १९१० साली विवाह केला. १९१६ च्या बंडात बोलंड यांच्या बेकरीच्या परिसरातील तुकडीचे ते प्रमुख होते. त्यांना देहान्ताची शिक्षा झाली, ती जन्मठेपेत बदलली. अमेरिकेतील जन्माने त्यांना वाचविले असे पुष्कळ सांगितले जाते. बंडवाल्यांना गोळ्या घालण्याच्या सत्राविरुद्ध उसळलेला क्षोभ हे कारण अधिक सयुक्तिक वाटते.

१९२१ च्या डिसेंबरात ब्रिटनशी तह झाला. त्यातील राजनिष्ठेची शपथ डी व्हॅलेरा यांना मान्य नव्हती. त्यांची कल्पना वेगळी होती आणि गणिताच्या शिक्षकाला शोभेल अशा रीतीने ती त्यांनी सहकाऱ्यांना आकृती काढून समजाविली होती : साम्राज्याचे एक मोठे वर्तुळ, त्याच्या पोटात वसाहतींची लहान वर्तुळे, आणि मोठ्या वर्तुळाला बाहेरून केवळ स्पर्श करणारे आणखी एक वर्तुळ, ते आयर्लंडचे. घरात राजा नाही, बाहेर मैत्रीचा संबंध आहे. ही आकृती तेव्हा कोणालाच रुचली नाही. डॉल या आयरिश लोकसभेने ६४ विरुद्ध ५७ मतांनी तह स्वीकारला आणि सहा महिन्यांत यादवी पेटली. त्या रक्तपाताच्या जबाबदारीतून डी व्हॅलेरा यांना मोकळे करता येणार नाही.

१९३२ मध्ये मतपेटीच्या मार्गाने ते सत्तेवर आले, आणि तहाची एकेक गाठ त्यांनी सनदशीर रीतीने सोडविली. शपथ गेली, गव्हर्नर-जनरल गेला. १९३७ साली नवी घटना आली. आपल्या घटनेतील मार्गदर्शक तत्त्वांची मूळ कल्पना तिच्यातूनच घेतलेली आहे. त्या घटनेत राष्ट्राध्यक्ष होता, पण प्रजासत्ताक हा शब्द नव्हता. १९३६ च्या एका कायद्याने परदेशी वकिलांच्या नेमणुकीपुरता राजाचा धागा त्यांनी मुद्दाम शिल्लक ठेवला. उत्तरेतील सहा परगणे ब्रिटनकडे होते. हा शब्द उच्चारला तर त्यांच्या परतीचे दार बंद होईल, अशी त्यांची धारणा होती.

सोळा वर्षे सत्ता भोगलेल्या पक्षाला जे व्हायचे ते १९४८ साली झाले. युद्धोत्तर शिधावाटप, १९४७ चा जीवघेणा हिवाळा, महागाई, आणि १९४६ सालचा डब्लिनच्या प्राथमिक शिक्षकांचा सात महिन्यांचा संप. एकेकाळच्या शिक्षकाच्या सरकारने शिक्षकांपुढे तसूभरही माघार घेतली नाही; त्यांतील कित्येक जण शॉन मॅकब्राइड यांच्या नव्या प्रजासत्ताकवादी पक्षाकडे वळले. ४ फेब्रुवारीच्या निवडणुकीत १४७ पैकी ६८ जागा मिळवून फियाना फॉल सर्वांत मोठा पक्ष राहिला, पण बाकीचे सारे एक झाले. डी व्हॅलेरा यांना हटविणे एवढेच त्यांच्यात समान होते. १८ फेब्रुवारीला जॉन कॉस्टेलो ७५ विरुद्ध ६८ मतांनी पंतप्रधान झाले.

पासष्ट वर्षांचे, दृष्टी अधू होत चाललेले डी व्हॅलेरा घरी बसले नाहीत. फाळणीविरुद्ध लोकमत जागविण्यासाठी ते अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड फिरले. परतताना, माउंटबॅटन भारताचा निरोप घेण्याच्या बेतात असतानाच, जून महिन्यात ते दिल्लीत आले व नेहरूंना भेटले. १९२० साली न्यूयॉर्कमध्ये भारताच्या स्वातंत्र्याची जाहीर बाजू घेणारा हा पुढारी स्वतंत्र भारतात आला तो सत्ता गमावून, आणि तोही फाळणीच्या जखमा ओल्या असताना.

सप्टेंबरात कवी येट्सचे अवशेष फ्रान्सहून स्लायगोला आणले गेले. राष्ट्राचे मन त्या आठवड्यात तिकडे होते. परंतु त्या महिन्याची खरी घटना ओटावात घडली होती. ७ सप्टेंबरला तेथे कॉस्टेलो यांनी १९३६ चा कायदा रद्द करण्याचा मनोदय जाहीर केला. एका वृत्तपत्राने दोनच दिवसांपूर्वी ही बातमी फोडली होती. कॅनडातील मेजवानीत झालेल्या उपमर्दाने कॉस्टेलो चिडले, अशीही वदंता होती. ज्या पक्षाने १९२२ मध्ये तह उचलून धरला त्याच्याच पंतप्रधानाने प्रजासत्ताक पुकारावे, हा दैवदुर्विलास डी व्हॅलेरा यांना झोंबला नसेल तर नवल. तरीही त्यांनी विधेयकाला विरोध केला नाही. २१ डिसेंबरला राष्ट्राध्यक्ष शॉन ओकेली या त्यांच्याच जुन्या सहकाऱ्याने त्यावर स्वाक्षरी केली.

पुढे जे घडले त्याने त्यांच्या शंकेला बळ दिले. १९४९ च्या जूनमध्ये ब्रिटिश पार्लमेंटने कायदा करून, उत्तर आयर्लंडच्या विधिमंडळाच्या संमतीवाचून तो प्रदेश ब्रिटनपासून अलग होणार नाही, अशी हमी दिली. आयर्लंडच्या घोषणेला हे उत्तर होते. मात्र तेराव्या वर्षापर्यंत जपलेल्या त्या धाग्यानेही एकही परगणा परत आणला नव्हता, हे डी व्हॅलेरा यांच्या समर्थकांना मान्य करावेच लागेल. आणि तोफा झडल्यानंतर दहाच दिवसांनी, २८ एप्रिलला, लंडनमध्ये भारताला प्रजासत्ताक होऊनही राष्ट्रकुलात राहण्याची मुभा मिळाली. राजा केवळ प्रतीक उरला. ती आकृती अगदी तीच नव्हे, पण १९२१ च्या वर्तुळांच्या फार जवळची होती. आयर्लंड तोवर बाहेर पडले होते.

१९५१ मध्ये डी व्हॅलेरा पुन्हा पंतप्रधान झाले. त्यांनी प्रजासत्ताकाला हात लावला नाही. १९६६ साली, बंडाच्या सुवर्णमहोत्सवात, ८३ वर्षांचे राष्ट्राध्यक्ष डी व्हॅलेरा त्याच टपाल कचेरीसमोर मानवंदना स्वीकारण्यास उभे होते. समोरून जाणाऱ्या पलटणी त्यांना पावलांच्या आवाजावरूनच ओळखाव्या लागल्या असतील. २९ ऑगस्ट १९७५ रोजी, वयाच्या ९२ व्या वर्षी ते वारले. उत्तरेत तेव्हा बॉम्बस्फोट आणि खुनांचे सातवे वर्ष चालू होते.