झाडू हाती घेतलेला सेनापती

भोर-वेल्ह्याच्या शाळांत 'समाजसेवा' हा निबंध दरवर्षी लिहिला जातो. मुलं पाठ केलेली चार वाक्यं उतरवतात आणि गुण मिळवतात. पण समाजसेवा म्हणजे नक्की काय करायचं, हे त्यांना एखाद्या माणसाच्या आयुष्यातून दाखवलं तर जास्त पटतं. म्हणून आज सेनापती बापट यांची गोष्ट. त्यांची मुळशी आपल्या वेल्ह्याला लागूनच आहे.

पांडुरंग महादेव बापट यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० रोजी नगर जिल्ह्यातल्या पारनेरला झाला. घरची परिस्थिती बेताची, पण मुलगा हुशार. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकून ते पदवीधर झाले आणि शिष्यवृत्ती मिळवून १९०४ मध्ये इंग्लंडला गेले. तिथे हिंदुस्थानातल्या इंग्रजी राज्याविरुद्ध भाषण केलं आणि शिष्यवृत्ती गमावली. पुढे पॅरिसला जाऊन बॉम्ब तयार करण्याची विद्या शिकले. मायदेशी परतल्यावर काही वर्षं भूमिगत राहावं लागलं, मग अटकही झाली.

एवढं सगळं करून सुटून आलेला हा शिकलेला माणूस पारनेरला परतला, तेव्हा त्याने काय केलं? हातात झाडू घेतला. सकाळी उठून गावातले रस्ते झाडायचे, शौचकूपसुद्धा साफ करायचे, दलित मुलांना शिकवायचं आणि संध्याकाळी प्रवचन करायचं, असा त्यांचा दिनक्रम होता. त्या काळात ब्राह्मणाच्या घरातल्या पदवीधराने हे काम करणं म्हणजे काय, याचा जरा विचार करा. लोक हसले असतील, नाकं मुरडली असतील. मुलगा झाला तेव्हा बारशाच्या निमित्ताने पहिली पंगत त्यांनी दलितांची बसवली. पुढे मुंबईत सफाई कामगारांनी संप केला, तेव्हाही ते कामगारांच्या बाजूने उभे राहिले. गावाची घाण आपली म्हणायची, तर ती काढणारा माणूसही आपलाच म्हणायला हवा. हे दुसरं जास्त अवघड असतं.

मग आली मुळशी. नीला आणि मुळा नद्यांच्या संगमाजवळ टाटा कंपनीचं धरण व्हायचं होतं. त्यातून मुंबईला वीज मिळणार होती. पाण्याखाली जाणार होती ती मावळातली पन्नासहून अधिक गावं आणि त्यांची भातखाचरं. कित्येक जमिनी पुण्याच्या सावकारांकडे गहाण पडलेल्या. सावकारांना भरपाईत रस, तर मावळ्याला जमिनीत. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रह सुरू झाला. मावळे बायकापोरांसह धरणाच्या जागी जाऊन बसले आणि काम थांबलं. काही महिन्यांनी ते पुन्हा सुरू झालं, तसा सत्याग्रहही. बापट, विनायकराव भुस्कुटे आणि अनेक स्वयंसेवक तुरुंगात गेले. या लढ्यानेच बापटांना 'सेनापती' ही पदवी दिली. ती कुठल्या सरकारने दिलेली नव्हती.

इथे मुलांपासून एक गोष्ट लपवू नये. लढा हरत चालला, तेव्हा बापटांचा धीर सुटला. डिसेंबर १९२४ मध्ये त्यांनी रुळांवर दगड रचून धरणाच्या कामाची गाडी अडवली. त्या वेळी हाती शस्त्रही घेतलं होतं. अहिंसेची वाट त्यांनी सोडली होती. सात वर्षांची शिक्षा झाली. धरण झालं, गावं बुडाली. मग हे सगळं फुकट गेलं का? मुलं हा प्रश्न विचारतात, आणि विचारायलाच हवा. मला वाटतं, बुडणाऱ्याच्या बाजूने कुणीतरी बाहेरचा माणूस आपलं सगळं पणाला लावून उभा राहतो, याची आठवण तरी उरली. भाटघर, पानशेत, वरसगाव, नीरा देवघर... आपल्या दोन तालुक्यांत धरणाखाली जमीन गेलेली घरं किती आहेत, ते वेगळं सांगायला नको. वर्गातल्या कितीतरी मुलांचे आजी-आजोबा ही गोष्ट स्वतःच सांगू शकतील.

सुटून आल्यावरही बापट स्वस्थ बसले नाहीत. १५ ऑगस्ट १९४७ ला पुण्यात तिरंगा फडकवण्याचा मान त्यांना मिळाला. त्यानंतर आरामात मानपत्रं घेत बसता आलं असतं. पण १९५५ मध्ये, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, ते गोवामुक्तीच्या सत्याग्रहात शिरले आणि पोर्तुगीज पोलिसांचा मार खाल्ला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातही ते होते. २८ नोव्हेंबर १९६७ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. पुण्यातला सेनापती बापट रस्ता आपण सगळेच वापरतो, पण ते नाव कुणाचं, हे विचारलं तर मुलं गप्प बसतात.

आता आपल्याकडे वळू. राजगड-तोरण्यावर प्लास्टिक गोळा करायला पुण्याहून मंडळं येतात, गावात तरुण मंडळ असतं, महिला बचत गट असतात, शाळेत श्रमदान होतं. सगळं चांगलंच आहे. पण बऱ्याचदा झाडू हातात येतो तो फोटोपुरता, आणि दुसऱ्या दिवशी तीच जागा पुन्हा तशीच. बापटांचा झाडू रोजचा होता, हाच काय तो फरक. आणि मंडळाचा हिशेब ठेवणं, ठरलेल्या बैठकीला वेळेवर जाणं, ग्रामसभेत उभं राहून प्रश्न विचारणं, हीसुद्धा झाडण्याइतकीच सेवा आहे. त्याला टाळ्या मिळत नाहीत, एवढंच.

वर्गात करून बघा: प्रत्येक मुलाने गावातलं एकच छोटं काम निवडायचं. पाणवठ्याची स्वच्छता, वाचनालयाची पुस्तकं लावणं, शेजारच्या आजींचं औषध आणून देणं, काहीही चालेल. ते महिनाभर करायचं, फोटो न काढता. आणि पालकहो, पोराला त्याचे गुण किती मिळणार, हे महिनाभर विचारू नका. महिन्याच्या शेवटी त्याच मुलाला 'समाजसेवा' हा निबंध लिहायला सांगा. पाठ केलेली वाक्यं त्यात सापडणार नाहीत.