युद्धास असहमत, देशास एकनिष्ठ : मौलाना अबुल कलाम आझाद

पिंपळे गुरवहून पवना ओलांडली की कासारवाडीजवळ मुंबई-पुणे लोहमार्ग लागतो. लोकलच्या वेळेपलीकडे आपण त्याचा फारसा विचार करीत नाही. ९ ऑगस्ट १९४२ रोजी, रविवारी, याच मार्गावरून मुंबईहून निघालेली एक खास आगगाडी गेली. चिंचवड स्थानकावर ती थांबवून गांधीजींना व त्यांच्या काही सहकाऱ्यांना उतरवून घेण्यात आले; तेथून त्यांची रवानगी आगाखान राजवाड्यात झाली. गाडी पुढे निघाली. कासारवाडी, दापोडी, खडकी मागे पडली. त्या गाडीत काँग्रेसचे अध्यक्ष बंदिवान म्हणून बसले होते. मक्का मुकर्रमा येथे जन्मलेला, कुरआनच्या भाष्यात आयुष्य वेचणारा हा आलिम म्हणजे मौलाना अबुल कलाम आझाद.

जगात महायुद्ध चालू होते. सरकारच्या लेखी, अशा वेळी सरकारला साथ न देणारा माणूस शत्रूचा साह्यकर्ता होता. आजही कोणी युद्धाविषयी शंका काढली की त्याच्या देशप्रेमाची झडती घेतली जाते, आणि आपल्या घरांतील मुलांना या झडतीची ओळख फार लवकर होते. म्हणून मौलानांचे चरित्र या बाजूने वाचावेसे वाटते.

त्यांचा जन्म ११ नोव्हेंबर १८८८ चा. वडील मौलाना खैरुद्दीन कुटुंबासह कलकत्त्यास आले आणि अबुल कलामांचे शिक्षण घरीच झाले. वयाच्या चोविसाव्या वर्षाच्या आत, जुलै १९१२ मध्ये, त्यांनी ‘अल-हिलाल’ हे साप्ताहिक काढले. पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर सरकारने जामिनाच्या कात्रीत धरून ते बंद पाडले. मौलानांनी ‘अल-बलाग’ काढले. १९१६ मध्ये त्यांना बंगालमधून हद्दपार करण्यात आले आणि रांचीस नजरकैदेत ठेवण्यात आले. सुटका झाली ती युद्ध संपून वर्ष उलटल्यावर. पोलिसांच्या झडत्यांत त्यांच्या कुरआन-भाष्याची हस्तलिखिते गेली. ती त्यांना पुन्हा लिहावी लागली. कागद गमावण्याचे दुःख काय असते ते लिहिणाऱ्यालाच कळते.

१९२१ मध्ये इंग्रजांच्या सैन्यात नोकरी करणे मुसलमानास निषिद्ध आहे, अशा ठरावाबद्दल अली बंधू व मौलाना हुसैन अहमद मदनी यांच्यावर कराचीत खटला चालला. आझादांचाही त्या मताला उघड पाठिंबा होता. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांनाही अटक झाली. न्यायालयात त्यांनी बचाव केला नाही. जे बोललो ते बोललोच, असे लेखी निवेदन दिले. ते ‘कौले फैसल’ या नावाने प्रसिद्ध आहे. जुलमी सत्तेसमोर सत्य बोलणे हे मुसलमानाचे धार्मिक कर्तव्य आहे, हा त्याचा गाभा. शिक्षा एक वर्षाची झाली.

एवढ्यावरून कोणी त्यांना युद्धमात्राचे विरोधक ठरवील, तर ती चूक होईल. ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी हिंदुस्थान युद्धात सामील असल्याचे जाहीर केले. चाळीस कोटींच्या आसपास लोकसंख्येच्या या देशातील एकाही लोकनियुक्त सभेला विचारले गेले नाही. काँग्रेसची प्रांतिक मंत्रिमंडळे राजीनामे देऊन बाहेर पडली. मार्च १९४० मध्ये मौलाना रामगढ येथे अध्यक्ष झाले. हिटलर आणि मुसोलिनी यांच्याविषयी त्यांच्या मनात तिळमात्र सहानुभूती नव्हती. जुलै १९४० मध्ये आपल्या पुण्यातच त्यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय काँग्रेस समितीची बैठक भरली. देशाचे स्वातंत्र्य मान्य करा, केंद्रात राष्ट्रीय सरकार येऊ द्या, मग आम्ही संरक्षणाचा भार उचलू, अशी तयारी तिने दाखवली. गांधीजींना अहिंसेच्या तत्त्वामुळे हे मान्य नव्हते. मौलानांना गांधीजींविषयी आदर होता, तरी या प्रश्नावर ते त्यांच्यापासून वेगळे उभे राहिले. अहिंसा हे त्यांच्या दृष्टीने धोरण होते. स्वसंरक्षणासाठी शस्त्र उचलणे त्यांना वर्ज्य नव्हते.

म्हणजे त्यांची हरकत तलवारीला नव्हती. ती कोणाच्या आज्ञेने उपसली जाते, ज्याचे रक्त सांडायचे त्याला विचारले आहे काय, आणि ज्या स्वातंत्र्याच्या नावाने लढाई पुकारली ते त्याच्याही वाट्याला येणार आहे काय, हे त्यांचे प्रश्न होते. सूरह शूरामध्ये ईमानवाल्यांची कामे परस्पर सल्ल्याने चालतात असे सांगितले आहे, आणि सूरह निसामध्ये स्वतःविरुद्ध वा आईबापांविरुद्ध जात असली तरी न्यायाची साक्ष द्या असा आदेश आहे. ज्याने हे आयुष्यभर वाचले आणि शिकवले, त्याला साक्ष देताना देश वगळता येणे कठीणच. खडकी-देहूरोडच्या लष्करी कारखान्यांवर ज्यांचे पोट आहे अशा घरांनी या प्रश्नांनी बिचकण्याचे कारण नाही. शिपायाच्या जिवाची किंमत मानणाराच ते विचारतो.

सरकारने पुण्याच्या ठरावाला जो प्रतिसाद दिला त्यात स्वातंत्र्य नव्हते. वैयक्तिक सत्याग्रह सुरू झाला. मौलानांना अठरा महिन्यांची शिक्षा होऊन नैनीच्या तुरुंगात जावे लागले. डिसेंबर १९४१ मध्ये ते सुटले. पुढच्या वर्षी क्रिप्स यांच्याशी वाटाघाटी फसल्या. ऑगस्टच्या आंदोलनाच्या वेळेविषयी मौलानांच्या मनात शंका होत्या आणि त्या त्यांनी सहकाऱ्यांत बोलून दाखवल्या होत्या. निर्णय झाल्यावर मात्र ते मागे राहिले नाहीत.

ती आगगाडी त्यांना अहमदनगरला घेऊन गेली. ज्या किल्ल्यात चांदबिबीने मुघलांना झुंज दिली, तेथे नेहरू, पटेल, असफ अली, सय्यद महमूद, आचार्य नरेंद्र देव, शंकरराव देव अशा सहकाऱ्यांसह ते राहिले. पहाटे उठून स्वतः चहा करावा, दूध न घालता प्यावा आणि नवाब सदर यार जंग मौलाना हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना पत्रे लिहावीत, हा त्यांचा क्रम. टपालात न पडलेली ती पत्रे पुढे ‘गुबारे खातिर’ म्हणून छापली गेली. चिमण्यांवरचे त्यांतील लेखन ज्यांनी वाचलेले नाही, त्यांनी अवश्य वाचावे.

१९४३ च्या वसंतात पत्नी जुलैखा बेगम कलकत्त्यात अत्यवस्थ झाल्या. सरकारला काही कळवायचे असेल तर कळवतो, असे तुरुंगाधिकाऱ्याने सुचवले. मौलानांनी नकार दिला. ज्या सत्तेचा निर्णय अन्यायाचा मानला, तिच्याकडे स्वतःच्या घरासाठी सवलत मागणे त्यांना रुचले नाही. वर्तमानपत्र आले की काळीज धडधडत असे. तरी जेवणाची, कामाची वेळ त्यांनी चुकू दिली नाही. ९ एप्रिल रोजी निधनाची बातमी आली. काही महिन्यांनी भोपाळमध्ये बहीणही गेली.

१५ जून १९४५ रोजी बांकुरा येथून त्यांची सुटका झाली. कलकत्त्यास स्वागताची प्रचंड गर्दी होती. मोटार हारांनी भरून गेली. तीन वर्षांपूर्वी निघताना निरोप द्यायला पत्नी दारापर्यंत आली होती. मौलानांनी घराकडे जाणारी मोटार कबरस्तानाकडे वळवायला सांगितली. हारांतला एक उचलून त्यांनी कबरीवर ठेवला आणि मनातल्या मनात फातिहा पढली.