एका डॉलरचं पेटंट

सुरुवातीलाच माफी मागून ठेवते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकले तर संपादक मंडळाने सांभाळून घ्यावं. पण ज्याच्याबद्दल लिहायला बसले आहे त्याचं स्पेलिंग माझ्याहूनही वाईट होतं. ज्या डायबेटीसवरच्या औषधामुळे तो जगप्रसिद्ध झाला, त्या डायबेटीसचंच स्पेलिंग त्याने आपल्या वहीत चुकीचं लिहून ठेवलं आहे.

हा विषय सुचायला दोन कारणं झाली. पहिलं म्हणजे आमच्या विंगमधली एक मैत्रीण. ती नऊ वर्षांची असल्यापासून इन्सुलिन घेते. रेक्टर मॅडमच्या फ्रिजमध्ये दुधाच्या पिशव्यांच्या मागे तिचा एक छोटा डबा असतो. जेवायच्या आधी ती सुई टोचून घेते आणि केसांना पिन लावल्यासारखी सहज मेसच्या रांगेत येऊन उभी राहते. दुसरं कारण म्हणजे आमचा मिनी प्रोजेक्ट. त्याचं पेटंट करायचं ठरलं, फॉर्म आला, आणि कोणाचं नाव पहिलं यावरून आमच्या चौघांच्या ग्रुपमध्ये आठवडाभर अबोला झाला. त्याच आठवड्यात लेक्चरला सरांनी सांगितलं की इन्सुलिनचं पेटंट शोधणाऱ्यांनी आपल्या युनिव्हर्सिटीला एकेका डॉलरला विकलं. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं की येडेच होते. मला ते खटकलं, म्हणून लायब्ररी गाठली. वाचल्यावर कळलं की हे लोक येडे तर नव्हतेच, पण आपण समजतो तसे संतही नव्हते.

फ्रेडरिक बँटिंगचा जन्म १४ नोव्हेंबर १८९१ चा, कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतात अ‍ॅलिस्टन गावाजवळच्या एका शेतावर. म्हणजे आपला बालदिन असतो तोच दिवस. जागतिक मधुमेह दिनही त्याच्या जन्मदिवसावरूनच ठरला आहे. पाच भावंडांतला हा शेंडेफळ. घरच्यांना वाटत होतं मुलगा धर्मोपदेशक होईल. १९१० साली टोरोंटो युनिव्हर्सिटीत आर्ट्सला गेला आणि पहिल्याच वर्षी नापास झाला. (केटीवाल्यांनी नोंद घ्यावी.) मग १९१२ मध्ये मेडिकलला प्रवेश मिळवला. महायुद्ध चालू होतं, सैन्याला डॉक्टर हवे होते, म्हणून त्यांच्या बॅचचा कोर्स लवकर उरकून त्यांना पाठवण्यात आलं. १९१८ मध्ये फ्रान्समध्ये कँब्रेच्या लढाईत तोफगोळ्याचा तुकडा त्याच्या हातात घुसला, तरी तो दुसऱ्या जखमींवर उपचार करत राहिला. त्याबद्दल त्याला मिलिटरी क्रॉस मिळाला.

परत आल्यावर मात्र हाल. १९२० च्या जुलैमध्ये त्याने ऑन्टॅरिओतल्याच लंडन नावाच्या गावात दवाखाना थाटला. पहिल्या महिन्याची कमाई किती? चार डॉलर. पाटी लावलेला सर्जन पेशंटची वाट बघत नुसता बसून असायचा. पैसे हवेत म्हणून तिथल्या मेडिकल कॉलेजात तासाला दोन डॉलरवर डेमॉन्स्ट्रेटर झाला. ३० ऑक्टोबरच्या रात्री दुसऱ्या दिवशीच्या शिकवण्याची तयारी करता करता त्याने स्वादुपिंडावरचा एक लेख वाचला. झोप येईना. रात्री दोनच्या सुमारास उठून त्याने वहीत चार ओळी खरडल्या. चुकीचं स्पेलिंग ते हेच.

कल्पना अशी होती. स्वादुपिंड दोन कामं करतं. पचनाचा रस बनवतं, आणि त्यातल्या बेटांसारख्या पेशींच्या पुंजक्यांमधून असं काहीतरी रक्तात सोडतं ज्यामुळे साखर वापरली जाते. हे दुसरं द्रव्य बाहेर काढायचा प्रयत्न आधी बऱ्याच जणांनी केला होता, पण पूर्ण यश कोणालाच मिळालं नव्हतं. बँटिंगला वाटलं की पचनाचा रसच त्या द्रव्याचा नाश करत असणार. मग रसाची नळी बांधून टाकावी, रस बनवणाऱ्या पेशी सुकू द्याव्यात आणि उरलेल्या बेटांमधून अर्क काढावा. गंमत म्हणजे ही युक्ती पुढे अनावश्यक ठरली. साध्या गुरांच्या स्वादुपिंडातून अल्कोहोल वापरूनही अर्क निघतो हे त्यांना १९२१ च्या अखेरीस कळलं. पण त्या रात्री ती सुचली नसती तर तो टोरोंटोला गेलाच नसता.

टोरोंटोत फिजिऑलॉजीचे प्रोफेसर होते मॅक्लिऑड. या विषयात मोठं नाव. समोर बसलेल्या तरुण सर्जनला विषयाची फारशी माहिती नाही हे त्यांच्या लगेच लक्षात आलं. तरीही त्यांनी उन्हाळ्यापुरती प्रयोगशाळा, दहा कुत्री आणि एक मदतनीस दिला. मदतनीस दोन विद्यार्थ्यांपैकी कोण, हे नाणेफेकीने ठरलं आणि बावीस वर्षांच्या चार्ल्स बेस्टचा नंबर लागला. १७ मे १९२१ ला काम सुरू झालं. मॅक्लिऑड सुट्टीला स्कॉटलंडला गेले. इकडे उकाडा, पगार शून्य, आणि कुत्री एकापाठोपाठ एक मरत होती. जुलैअखेर एका कुत्र्याला अर्क टोचल्यावर त्याची साखर उतरली. प्रोफेसर परतल्यावर बँटिंगने पगार, जागा आणि कुत्री सांभाळायला माणूस मागितला, नाहीतर दुसरीकडे जातो अशी धमकी दिली. दोघांमध्ये कायमची अढी बसली ती तिथपासून.

डिसेंबरमध्ये चौथा माणूस आला, जेम्स कॉलिप, बायोकेमिस्ट. ११ जानेवारी १९२२ ला टोरोंटो जनरल हॉस्पिटलमध्ये लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला बँटिंग-बेस्टचा अर्क टोचला. वजन फक्त २९ किलो. त्या काळी अशा मुलांना उपाशी ठेवणं हा एकच उपचार होता, त्याने मरण थोडं लांबायचं इतकंच. तो अर्क इतका अशुद्ध होता की सुई टोचलेल्या जागी गळू झालं. प्रयोग थांबवावा लागला. मग कॉलिपने अर्क शुद्ध करण्याची रीत शोधली आणि २३ जानेवारीपासून दिलेली इंजेक्शनं लागू पडली. मुलगा वाचला.

आता खरी गोष्ट सुरू होते. रीत सापडल्यावर कॉलिपने ती बँटिंग आणि बेस्टला सांगायला नकार दिला आणि आपण वेगळं पेटंट घेऊ असं सूचित केलं. बँटिंगने त्याची गचांडी धरली! जीव वाचवणारं औषध हाताशी आणि शास्त्रज्ञ प्रयोगशाळेत हातघाईवर. (आमच्या ग्रुपमध्ये निदान अबोल्यावरच भागलं.) दोनच दिवसांनी, २५ जानेवारीला, चौघांनी एका करारावर सह्या केल्या की यापुढे कोणीही एकट्याने पेटंट घेणार नाही आणि युनिव्हर्सिटीच्याच कॉनॉट लॅबोरेटरीबरोबर मिळून काम करायचं.

मग पेटंट घेतलंच कशाला, असा प्रश्न मलाही पडला होता. बँटिंगला तर ते मुळीच नको होतं. डॉक्टरने औषधावर मालकी सांगणं शपथेविरुद्ध, असं तो मानायचा. म्हणून पहिल्या अर्जात त्याने आपलं नावच येऊ दिलं नाही. पण विचार करा, यांनी पेटंट घेतलं नसतं तर पद्धतीत थोडा फरक करून दुसऱ्या कोणीतरी घेतलं असतं आणि सगळ्यांना अडवलं असतं. किंवा कोणीही बाटलीत काहीही भरून इन्सुलिन म्हणून विकलं असतं. पेटंट हातात असेल तर कोणी बनवायचं आणि कोणत्या अटींवर, हे युनिव्हर्सिटी ठरवू शकते. पुढे वकिलांचं म्हणणं पडलं की बँटिंगचं नाव नसेल तर अमेरिकेत पेटंट टिकणार नाही, तेव्हा तो तयार झाला. १९२३ च्या जानेवारीत बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप या तिघांनी प्रत्येकी एक डॉलर घेऊन हक्क टोरोंटो युनिव्हर्सिटीला दिले.

फोटो, भाषणं, सगळीकडे हा डॉलरच येतो. मी केमिकलची, त्यामुळे मला त्याच्या आगेमागे काय झालं ते जास्त महत्त्वाचं वाटतं. १९२२ च्या वसंतात टोरोंटोत इन्सुलिन बनेनासंच झालं. बीकरमध्ये जे जमत होतं ते मोठ्या भांड्यात जमेना. कॉलिपला स्वतःचीच रीत पुन्हा साधेना. ज्यांनी स्केल-अपचं प्रॅक्टिकल केलं आहे त्यांना हे दुःख सांगायला नको. पेशंट रांगेत आणि औषध नाही. शेवटी मे महिन्याच्या अखेरीस युनिव्हर्सिटीने इंडियानापोलिसच्या एली लिली कंपनीशी करार केला. कंपनीला अमेरिकेच्या बाजारासाठी फक्त एक वर्षाची मक्तेदारी, आणि त्यानंतर इतरांनाही लायसन्स. यासाठी युनिव्हर्सिटीने एक इन्सुलिन कमिटी नेमली. लायसन्सवाल्यांच्या मालाचे नमुने टोरोंटोत तपासले जायचे, एक युनिट म्हणजे किती हे तिथेच ठरायचं आणि मिळालेली रॉयल्टी संशोधनात जायची. ब्रिटनचे हक्क तिथल्या मेडिकल रिसर्च कौन्सिलला दिले. डेन्मार्कचे नोबेलविजेते ऑगस्ट क्रोग, ज्यांच्या पत्नीला डायबेटीस होता, ते स्वतः टोरोंटोला येऊन परवानगी घेऊन गेले आणि तिकडे उत्पादन सुरू झालं.

लिलीचे केमिस्ट जॉर्ज वॉल्डन यांनी १९२२ च्या शेवटी शोधलं की द्रावणाची आम्लता एका ठराविक जागी आणली की इन्सुलिन साका होऊन खाली बसतं. यामुळे शुद्धता आणि उत्पादन दोन्ही एकदम वाढले. पण लगेच कंपनी या पद्धतीचं पेटंट स्वतःच्या नावावर करायला निघाली. टोरोंटोवाले हादरले. ही पद्धत कंपनीकडे राहिली तर वर्षानंतरची लायसन्सं नुसती कागदावर राहणार. औषधाला नाव कुठलं यावरूनही वाद झाला, कारण कंपनीला आपलं आयलेटिन हे नाव हवं होतं. बरीच पत्रापत्री झाली आणि ती पद्धत शेवटी इतर उत्पादकांनाही खुली राहिली. एक डॉलरवर सही करायला एक मिनिट लागलं असेल. हे भांडण मात्र कमिटीला चिकाटीने लढावं लागलं, आणि याचा फोटो कुठेच नाही.

ते लढले म्हणून काय झालं, त्याचं एक उदाहरण देते. अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांची मुलगी एलिझाबेथ ह्यूज. ऑगस्ट १९२२ मध्ये बँटिंगकडे आणली तेव्हा पंधराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर होती आणि वजन जेमतेम २० किलो. तीन वर्षं उपाशी राहून तग धरलेली. इन्सुलिन मिळालं, मुलगी खाऊ लागली, कॉलेजला गेली, लग्न केलं आणि १९८१ पर्यंत जगली. तेव्हा दोन टन स्वादुपिंडांमधून जेमतेम पाव किलो इन्सुलिन निघायचं. कत्तलखान्यातून माल आणून हे सगळं चालायचं.

१९२३ चं नोबेल जाहीर झालं ते बँटिंग आणि मॅक्लिऑड यांना. बँटिंग भडकला. मॅक्लिऑडच्या जोडीने नको म्हणून बक्षीस नाकारायलाच निघाला होता, पण लोकांनी समजूत घातली. त्याने आपल्या पैशातला अर्धा वाटा बेस्टला दिला, मग मॅक्लिऑडनेही अर्धा कॉलिपला दिला. पेटंटवर तीन नावं, नोबेलवर दोन, आणि दोन्हीकडे आलेलं नाव एकच. बँटिंग तेव्हा बत्तिशीत होता. वैद्यकशास्त्राचं नोबेल इतक्या कमी वयात अजून दुसऱ्या कोणाला मिळालेलं नाही. कॅनडा सरकारने वर्षाला ७,५०० डॉलरचं तहहयात मानधन दिलं, १९३४ मध्ये सर ही पदवी मिळाली. मात्र इन्सुलिनइतकं मोठं पुढे त्याच्या हातून काही झालं नाही. पहिलं लग्न मोडलं. मॅक्लिऑडबद्दलचा राग त्याने शेवटपर्यंत सोडला नाही, आणि खरं सांगायचं तर मला इथे बँटिंगचं पटत नाही. प्रोफेसरांनी जागा दिली नसती, कॉलिपला आणलं नसतं, तर ती वही तशीच राहिली असती. त्याला शांतता मिळायची ती चित्र काढताना. ए. वाय. जॅक्सन या नामवंत चित्रकाराबरोबर तो बर्फात जाऊन निसर्गचित्रं रंगवायचा, १९२७ मध्ये दोघं आर्क्टिकपर्यंत गेले होते. दुसऱ्या महायुद्धात विमानातल्या माणसांच्या शरीरावर काय परिणाम होतात याचं संशोधन त्याच्याकडे होतं. फेब्रुवारी १९४१ मध्ये इंग्लंडला निघालेलं त्याचं हडसन विमान न्यूफाउंडलंडमध्ये कोसळलं. एकटा वैमानिक वाचला. बँटिंग २१ तारखेला गेला, वय ४९.

पुढचं थोडक्यात. १९७८ मध्ये बॅक्टेरियाकडून मानवी इन्सुलिन बनवून घेण्यात यश आलं आणि १९८२ मध्ये ते बाजारात आलं, कंपनी पुन्हा लिलीच. त्यामागचं जीन जोडण्याचं तंत्र स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया या युनिव्हर्सिट्यांचं. त्यांनी पेटंट घेतलं, कोणा एकालाच न देता शेकडो कंपन्यांना लायसन्स दिलं आणि १९९७ पर्यंत २५ कोटी डॉलरच्या वर कमावले. तेही येडे नव्हते. पण इन्सुलिनचे नवनवे प्रकार निघत गेले, त्यांची पेटंटं कंपन्यांची, तिथे टोरोंटोसारखी कमिटी नाही. अमेरिकेत अशा एका प्रकारच्या बाटलीची किंमत १९९६ मध्ये २१ डॉलर होती, ती २०१९ पर्यंत पावणेतीनशेच्या आसपास पोचली. बराच आरडाओरडा झाल्यावर २०२३ मध्ये कंपन्यांनी ती खाली आणली.

मी हे सगळं आमच्या मैत्रिणीला जेवताना सांगत होते. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, कुत्र्यांची नावं काय होती? एकीचं मार्जरी होतं, ती सत्तर दिवस जगली, एवढं मला माहीत होतं. आमच्या पेटंटच्या फॉर्मवर नावांची जागा अजून रिकामीच आहे. सरांनी शुक्रवारपर्यंत मुदत दिली आहे. नाणेफेक करावी असं मी सुचवलं आहे.