यूजीन एली

यूजीन बर्टन एली (जन्म : २१ ऑक्टोबर १८८६, विल्यम्सबर्ग, आयोवा, मृत्यू : १९ ऑक्टोबर १९११, मेकन, जॉर्जिया) हे अमेरिकन वैमानिक होते. जहाजावरून विमानाचे पहिले उड्डाण (१४ नोव्हेंबर १९१०) आणि जहाजावर विमान उतरविण्याचा पहिला यशस्वी प्रयोग (१८ जानेवारी १९११) हे दोन्ही त्यांच्या नावावर आहेत. आजच्या विमानवाहू नौकांच्या इतिहासाचा आरंभ सामान्यतः या दोन प्रयोगांपासून मानला जातो.

पूर्वायुष्य

एली यांचे बालपण आयोवा राज्यात गेले. मोटारगाड्यांचे त्यांना विलक्षण आकर्षण होते आणि तरुणपणी त्यांनी मोटारचालक म्हणून काम केले. १९०७ मध्ये मेबल हॉल यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढे ते ओरेगॉन राज्यातील पोर्टलंड येथे मोटारविक्रीच्या व्यवसायात आले. त्यांचे मालक हेन्री वेमी यांनी १९१० मध्ये कर्टिस बनावटीचे एक विमान विकत घेतले, परंतु ते चालविणे त्यांना जमेना. मोटार चालविणाऱ्याला विमानही सहज चालविता येईल अशा समजुतीने एली त्यात बसले आणि विमान आपटले. त्यांनी ते मोडके विमान मालकाकडून विकत घेतले, स्वतः दुरुस्त केले आणि त्यावरच ते उड्डाण शिकले. त्याच वर्षी विमाननिर्माते ग्लेन कर्टिस यांच्याशी त्यांची भेट झाली व ते कर्टिस यांच्या प्रदर्शन-पथकात दाखल झाले. ऑक्टोबर १९१० मध्ये त्यांना अमेरिकेच्या एअरो क्लबचा १७ क्रमांकाचा परवाना मिळाला.

बर्मिंगहॅमवरील उड्डाण

अमेरिकन नौदलात विमानविषयक घडामोडींवर लक्ष ठेवण्याचे काम कॅप्टन वॉशिंग्टन अर्व्हिंग चेंबर्स यांच्याकडे होते. समुद्रावरील टेहळणीसाठी विमान जहाजावरूनच उडाले पाहिजे, असे त्यांचे मत होते. मात्र नौदलाकडे या कामासाठी पैसा नव्हता. राइट बंधूंनी असा प्रयोग करण्यास नकार दिला होता. एली यांनी मोबदल्याची अपेक्षा न ठेवता तयारी दर्शविली.

व्हर्जिनियातील हॅम्प्टन रोड्स येथे ‘बर्मिंगहॅम’ या क्रूझरच्या पुढील भागावर ८३ फूट लांबीचा, पुढे किंचित उतरता असा लाकडी मंच उभारण्यात आला. विमान ठेवल्यावर धावण्यासाठी सुमारे ५७ फूटच जागा उरली. जहाज वाऱ्याच्या दिशेने वेगात चालू असताना उड्डाण करावे, म्हणजे पंखांना आवश्यक तो वारा आयताच मिळेल, अशी योजना होती. परंतु हवा बिघडत चालली होती. नांगर पूर्णपणे उचलला जाण्यापूर्वीच एली यांनी विमान सोडले. मंचाची कड ओलांडताच विमान खाली गेले, त्याची चाके पाण्याला लागली आणि पंख्याची पाती दुखावली. गॉगलवर खारे पाणी उडाल्याने समोरचे काही दिसेना. एली यांना पोहता येत नव्हते. तरीही त्यांनी विमान सावरले आणि काही मिनिटांत विलोबी स्पिट या किनाऱ्यावर ते सुखरूप उतरविले.

पेनसिल्व्हेनियावर अवतरण

जहाजावरून उडण्यापेक्षा जहाजावर उतरणे कठीण होते. त्या काळच्या विमानांना ब्रेक नव्हते आणि मंचाच्या टोकाशी जहाजाचेच डोलकाठीसह बांधकाम उभे होते. सॅन फ्रान्सिस्को उपसागरात नांगरलेल्या ‘पेनसिल्व्हेनिया’ या क्रूझरच्या मागील भागावर सुमारे १२० फूट लांबीचा मंच बांधण्यात आला. त्यावर आडवे २२ दोर ताणले होते. प्रत्येक दोराच्या दोन्ही टोकांना सुमारे २३ किलो वजनाच्या वाळूच्या पिशव्या बांधल्या होत्या. विमानाच्या खाली आकडे बसविले होते. आकड्यांत दोर अडकला की पिशव्या ओढल्या जात आणि त्यांच्या वजनाने विमानाची गती झपाट्याने कमी होई. या व्यवस्थेचे श्रेय बहुधा ह्यू रॉबिन्सन यांना दिले जाते. ते पूर्वी सर्कशीत कसरती करीत असत.

१८ जानेवारी १९११ रोजी सकाळी एली यांनी सॅन ब्रूनो येथील टॅनफोरान घोडशर्यतीच्या मैदानावरून उड्डाण केले. सुरक्षेसाठी त्यांनी डोक्यावर फुटबॉल खेळाडूचे शिरस्त्राण घातले होते आणि सायकलच्या हवा भरलेल्या नळ्या अंगाभोवती गुंडाळल्या होत्या. जहाजाजवळ येताच विमान पहिल्या काही दोरांवरून तरंगत पुढे गेले, मग आकडे अडकले आणि मंचाचे टोक येण्यापूर्वीच विमान थांबले. सुमारे तासाभरात विमान वळवून त्याच मंचावरून ते उडाले व मैदानावर परतले.

नौदलातील स्थान

या यशानंतर एली यांनी नौदलात नोकरी मिळावी म्हणून चेंबर्स यांच्याकडे विचारणा केली. त्यासाठी तरतूद नसल्याने ती मिळाली नाही. नौदलाचे लक्षही दुसरीकडे वळले होते. फेब्रुवारी १९११ मध्ये कर्टिस यांचे पाण्यावर उतरणारे विमान यारीने ‘पेनसिल्व्हेनिया’वर उचलून घेण्यात आले. या पद्धतीत युद्धनौकेवर मंच बांधून तोफांची अडचण करावी लागत नव्हती. पुढील अनेक वर्षे सागरी विमानांनाच प्राधान्य मिळाले.

मृत्यू

उपजीविकेसाठी एली गावोगावी हवाई कसरती करीत राहिले. १९ ऑक्टोबर १९११ रोजी मेकन येथील जत्रेच्या मैदानावर सूर मारल्यानंतर विमान वेळेत वर आले नाही. एली यांनी उडी घेतली, पण मान मोडून त्यांचा अंत झाला. पंचविसाव्या वाढदिवसाला तेव्हा दोन दिवस उरले होते. जमावाने विमानाचे तुकडे आठवण म्हणून उचलून नेले.

वारसा

अमेरिकेची पहिली विमानवाहू नौका ‘लँग्ली’ १९२२ मध्ये सेवेत दाखल झाली. आज दोरांची जागा पोलादी तारांनी आणि वाळूच्या पिशव्यांची जागा डेकखालील यंत्रणांनी घेतली आहे, मात्र आकडा आणि आडवी तार हे मूळ तत्त्व कायम आहे. भारतीय नौदलाच्या ‘विक्रमादित्य’ व नव्या ‘विक्रांत’ या नौकांवर विमाने याच पद्धतीने थांबतात. गोव्यातील ‘आयएनएस हंसा’ या तळावर अशा अवतरणाच्या सरावासाठी जमिनीवर स्वतंत्र सुविधा आहे. २०१९ मध्ये तेथे ‘तेजस’च्या नौदल आवृत्तीची चाचणी यशस्वी झाली आणि ११ जानेवारी २०२० रोजी ते विमान ‘विक्रमादित्य’वर उतरले.

एली यांना १९३३ मध्ये अमेरिकन काँग्रेसच्या संमतीने ‘डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस’ हे पदक मरणोत्तर देण्यात आले. त्यांच्या मृत्यूला तेव्हा एकवीस वर्षे लोटली होती.