उषा मेहता: ४२.३४ मीटरवरचा गुप्त रेडिओ

९ सप्टेंबर १९४२ ला आमच्या नंदुरबारात १५ वर्षांचा शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार साथी पोलिसांच्या गोळीबारात शहीद झाले. हे इथल्या प्रत्येक पोराला माहीत असतं. पण त्याच दिवसांत मुंबईत काही तरुण मित्रमैत्रिणी लपूनछपून स्वतःचं रेडिओ स्टेशन चालवत होते, हे मला इंजिनिअरिंगला गेल्यावर कळलं. त्या स्टेशनचा आवाज होत्या उषा मेहता.

उषाताईंचा जन्म २५ मार्च १९२० चा, आपल्या शेजारच्या सुरत जिल्ह्यातल्या सरस गावचा. वडील न्यायाधीश. वयाच्या आठव्या वर्षीच त्या सायमन कमिशनविरोधी मोर्चात उतरल्या. पुढे मुंबईच्या विल्सन कॉलेजमधून पदवी घेतली आणि कायदा शिकायला लागल्या. ऑगस्ट १९४२ मध्ये 'चले जाव' सुरू झालं, नेते तुरुंगात गेले, वर्तमानपत्रांवर बंधनं आली. मग बातमी पोहोचवायची कशी? विठ्ठलदास झवेरी, चंद्रकांत झवेरी, बाबूभाई खाकर आणि २२ वर्षांच्या उषाताईंनी ठरवलं: रेडिओ! हौशी रेडिओवाले नरिमन प्रिंटर यांनी ट्रान्समीटर जोडून दिला. २७ ऑगस्टला काँग्रेस रेडिओ सुरू झाला. आष्टी-चिमूरसारख्या दडपलेल्या बातम्या त्यावरून लोकांपर्यंत गेल्या.

आता थोडं टेक्निकल बघू. तरंगलांबी ४२.३४ मीटर. ३०० ला तिने भागा, साधारण ७.०८ मेगाहर्ट्झ येतात. म्हणजे शॉर्टवेव्ह. या लहरी वातावरणातल्या आयनोस्फिअरवरून परत जमिनीकडे वळतात, म्हणून छोटा ट्रान्समीटरही लांबवर ऐकू जाऊ शकतो. आजही हौशी 'हॅम' मंडळी याच ४० मीटर बँडवर बोलतात.

पण गोम इथेच आहे. जो सिग्नल श्रोत्याला मिळतो, तो पोलिसांनाही मिळतो. दिशा दाखवणारा अँटेना घेऊन दोन ठिकाणांहून दिशा मोजली, की दोन रेषा जिथे छेदतात तिथे ट्रान्समीटर! तुमच्या मोबाइलची जागा अनेक टॉवर्सवरून काढतात, त्यामागची कल्पनाही याच्याशी जुळती आहे. म्हणून ही मंडळी सतत जागा बदलायची.

शेवटी मात्र घात झाला तो माणसामुळे. प्रिंटर आधी पोलिसांच्या हाती लागले आणि त्यांच्याकडूनच ठिकाण फुटलं. १२ नोव्हेंबरला प्रसारण चालू असतानाच छापा पडला. चौकशीत महिनोन्‌महिने एकांतकोठडी मिळाली, पण उषाताईंनी तोंड उघडलं नाही. शिक्षा झाली चार वर्षांची, येरवड्यात. १९४६ ला सुटल्यावर त्यांनी गांधीविचारांवर पीएच.डी. केली, वर्षानुवर्षं शिकवलं. १९९८ ला पद्मविभूषण मिळालं. ११ ऑगस्ट २००० ला त्या गेल्या.

मला विचाराल तर सायबर सिक्युरिटीचा पहिला धडा इथेच आहे: पासवर्ड कितीही तगडा ठेवा, तो कुणाकुणाला माहीत आहे ते आधी मोजा.