न्यायमूर्ती काशीनाथ त्र्यंबक तेलंग : अभ्यासातून न्यायासनापर्यंत



न्यायाधीश कसे होतात, हा प्रश्न आमच्या शाळेतील मुले नेहमी विचारतात. परसवाड्यात बहुतेक घरांचा कोर्टाशी संबंध येतो तो शेतीच्या वाटणीमुळे. तारखेला बैहर किंवा बालाघाट गाठावे लागते, आणि उंच खुर्चीवर बसलेल्या माणसाविषयी मुलांच्या मनात कुतूहल व भीती दोन्ही असतात. अमेरिकेतील अनेक राज्यांत स्थानिक न्यायाधीश लोकांच्या मतांनी निवडून येतो. आपल्या देशात न्यायाधीशाची निवडणूक होत नाही, नेमणूक होते. परंतु नेमणूक होण्याआधी लोकांच्या मनात ज्याची निवड झालेली असते, असे वकीलही होऊन गेले. त्यांपैकी एकाचे चरित्र या अंकात देत आहोत.

काशीनाथ त्र्यंबक तेलंग यांचा जन्म ऑगस्ट १८५० मध्ये मुंबईत झाला. काकांनी, म्हणजे त्र्यंबकरावांनी, त्यांना दत्तक घेतले. प्राथमिक शिक्षण अमरचंद वाडीतील मराठी शाळेत झाले. पुढे ते एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये गेले आणि १८६४ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, मॅट्रिक झाले. एल्फिन्स्टन कॉलेजात त्यांनी एम. ए. आणि कायद्याची पदवी मिळवली. वर्गात इंग्रजी आणि घरी मराठी होतीच, त्यात संस्कृतचा व्यासंग त्यांनी स्वतः वाढवला. एका भाषेसाठी त्यांना दुसरी सोडावी लागली नाही.

मुंबई उच्च न्यायालय १८६२ साली सुरू झाले. शहरातील मोठे दावे तेथे थेट दाखल होत, आणि ते चालवण्याच्या कामात विलायतेहून आलेल्या बॅरिस्टरांचे वर्चस्व होते. तेलंग कधी इंग्लंडला गेले नाहीत. त्यांनी येथेच अ‍ॅडव्होकेटची कठीण परीक्षा दिली आणि १८७२ साली, अवघ्या बाविसाव्या वर्षी, त्या बॅरिस्टरांच्या शेजारी उभे राहून वकिली सुरू केली. हिंदू कायद्याचा प्रश्न निघाला की बाकीचे वकील भाषांतरावर विसंबत. तेलंग मिताक्षरा आणि व्यवहारमयूख मूळ संस्कृतात वाचत. त्यांच्या मताला वजन आले ते या कारणाने.

वकिली चालू असतानाच त्यांचे दुसरे कामही चालू होते. रामायणाची कथा ग्रीक कवी होमरवरून घेतली असे जर्मन पंडित वेबर यांनी मांडले होते, त्याला तेलंगांनी १८७३ साली सप्रमाण उत्तर दिले. भगवद्गीतेचे त्यांनी इंग्रजीत पद्य भाषांतर केले, आणि पुढे मॅक्सम्यूलर यांच्या ग्रंथमालेसाठी केलेले गद्य भाषांतर १८८२ साली निघाले. मराठीत त्यांनी जर्मन लेखक लेसिंग यांच्या नाटकाचे ‘शहाणा नेथन’ हे भाषांतर केले आणि ‘स्थानिक राज्यव्यवस्था’ हे पुस्तकही दिले.

१८८३ साली इल्बर्ट बिलाचा वाद पेटला. जिल्ह्याच्या ठिकाणी हिंदी न्यायाधीशाने युरोपियन आरोपीचा खटला चालवावा की नाही, असा तो प्रश्न होता. युरोपियन लोकांनी मोठा गहजब केला. मुंबईच्या टाऊन हॉलमध्ये बिलाच्या बाजूने सभा झाली, तेथे फिरोजशहा मेहता आणि बद्रुद्दीन तय्यबजी यांच्याबरोबर तेलंग बोलले. सरकारने शेवटी माघार घेतली आणि बिलाचा जोर कमी केला. याच तिघांनी १८८५ साली बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन उभी केली. त्याच वर्षी डिसेंबरात मुंबईत काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले, त्यातही तेलंगांचा वाटा होता.

१८८९ साली त्यांची उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तिपदी नेमणूक झाली. तेव्हा वय एकोणचाळीस होते.

त्यांच्या न्यायबुद्धीचे एक उदाहरण आपल्या भागातील शेतकरी कुटुंबांना लगेच कळेल. बाप आपल्या वडिलांबरोबर किंवा भावांबरोबर एकत्र कुटुंबात राहतो आहे आणि वाटणीला त्याची संमती नाही. अशा वेळी मुलाला वाटणी मागता येते काय? १८९२ साली पूर्णपीठासमोर हा प्रश्न आला. बहुमताने उत्तर दिले, मागता येत नाही. तेलंगांनी मूळ ग्रंथ तपासून एकट्याने वेगळा निकाल लिहिला : वाडवडिलांच्या मिळकतीत मुलाचा हक्क जन्मापासून आहे, म्हणून वाटणी मागता येते. मुंबईत बहुमताचा निकाल लागू राहिला. परंतु वरिष्ठ सहकारी एका बाजूला असताना आपले मत कारणांसह लिहून ठेवणे, हे न्यायाधीशाचे खरे काम त्यांनी केले.

१८९२ सालीच ते मुंबई विद्यापीठाचे पहिले हिंदी कुलगुरू झाले. एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचेही ते पहिले हिंदी अध्यक्ष होते. प्रकृती मात्र खचत गेली, आणि १ सप्टेंबर १८९३ रोजी वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्या रिक्त जागी त्यांचे ज्येष्ठ स्नेही महादेव गोविंद रानडे यांची नेमणूक झाली.

चरित्र सांगताना उणी बाजू झाकू नये असे आम्हाला वाटते. तेलंग समाजसुधारणेचे पुरस्कर्ते होते, तरी स्वतःच्या मुलीचे लग्न त्यांनी लहान वयातच केले. सुधारकांनी त्यांना त्याबद्दल दोष दिला, आणि तो दोष योग्यच होता. कोर्टात सगळ्यांविरुद्ध एकटा उभा राहणारा माणूस घरच्या रूढीपुढे नमला. मुलींच्या शिक्षणाचा विचार करताना आपण पालकांनी हे लक्षात ठेवावे.

आमच्या पिढीतील पुष्कळांचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदीतून झाले. १९५६ पर्यंत आपली राजधानी नागपूर होती. नंतर कचेऱ्यांची भाषा हिंदी राहिली आणि घरोघरी मराठी मागे पडत चालली. मुलांवर ओझे नको म्हणून मराठीचा तास कमी करावा, अशी सूचना काही पालक करतात. त्यांनी तेलंगांच्या चार भाषांचा विचार जरूर करावा : मराठी, संस्कृत, इंग्रजी आणि कायद्याची स्वतंत्र भाषा. यांतील कोणतीही त्यांना ओझे झाली नाही. एकीने दुसरीला हातभार लावला.

आज मध्य प्रदेशात दिवाणी न्यायाधीशांची भरती जबलपूरचे उच्च न्यायालय परीक्षा घेऊन करते. कायद्याची पदवी आणि नेटाचा अभ्यास यांच्या बळावर ही वाट परसवाड्याच्या मुलामुलींनाही खुली आहे. आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांनी या सत्रात एकदा आपल्या शिक्षकांबरोबर कोर्टाचे कामकाज पाहावे, अशी आमची योजना आहे. विश्वस्त मंडळींनी तिला मंजुरी द्यावी आणि पालकांनी साथ द्यावी, ही विनंती.