हिंगोलीच्या छावणीतून शिळावर्तुळांकडे

ठगांवरील गाजलेल्या इंग्रजी कादंबरीचे लेखक म्हणून कर्नल फिलिप मेडोज टेलर यांचे नाव अनेकांना ठाऊक आहे. इतिहासाचे अभ्यासक त्यांना नळदुर्गचे अधिकारी म्हणूनही ओळखतात. दख्खनमधील प्राचीन दफनस्थळांचे थरांनुसार उत्खनन करून त्यांची रेखाटने तयार करणारे आद्य संशोधक ही त्यांची तिसरी ओळख मात्र पुरातत्त्वज्ञांच्या वर्तुळाबाहेर फारशी पोहोचली नाही.

२५ सप्टेंबर १८०८ रोजी लिव्हरपूल येथे जन्मलेले टेलर वयाच्या पंधराव्या वर्षी, १८२४ मध्ये मुंबईच्या एका व्यापारी पेढीत नोकरीसाठी आले. पेढीचा डोलारा पोकळ निघाला आणि एका नातलगाच्या ओळखीने ते निजामाच्या फौजेत दाखल झाले. कंपनी सरकारचे नोकर नसल्याने त्यांचा दर्जा कायम दुय्यमच राहिला. भूमापन, कायदा, देशी भाषा हे सारे ते नोकरी करता करता स्वतःच शिकले. पुरातत्त्वाचेही तसेच झाले.

जमिनीखालची प्रेते त्यांनी प्रथम पाहिली ती हिंगोलीत. १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यात असलेल्या या गावी त्या वेळी निजामाच्या फौजेची छावणी होती. तेथील हरिसिंग नावाच्या प्रतिष्ठित व्यापाऱ्याशी छावणीतील अनेकांप्रमाणे टेलर यांचाही व्यवहार होता. हा व्यापारी म्हणजे त्या भागातील ठगांचा म्होरक्या निघाला. मुंबईहून कापड आणण्याचा परवाना त्याने अधिकाऱ्यांकडून घेतला, ज्याचे कापड होते त्या व्यापाऱ्याचा वाटेत खून केला आणि तोच माल छावणीत उजळ माथ्याने विकला. माफीच्या साक्षीदारांनी पुढे छावणीलगतच्या एका ओढ्याच्या कोरड्या पात्रातील जागा शांतपणे दाखवल्या, तेव्हा एकेका खड्ड्यातून अनेक प्रेते बाहेर आली. पहारेकऱ्यांच्या रांगेपासून हे खड्डे अर्धा किलोमीटरही दूर नव्हते. तेथे हजर असलेल्या टेलर यांना आणि इतरांना ते दृश्य सहन झाले नाही. शोध अर्धवट सोडून मंडळी परतली. या हकिकतीचा उल्लेख त्यांनी १८३९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ठगांच्या कादंबरीच्या प्रस्तावनेत केला आहे.

अर्धवट सोडलेल्या त्या शोधानंतर सुमारे दोन दशकांनी हाच माणूस पुन्हा मृतांच्या शोधात जमीन खणू लागला. १८४१ पासून १८५३ पर्यंत शोरापूर संस्थानचा कारभार टेलर यांच्या हाती होता. आज कर्नाटकात असलेल्या या मुलखात मोठमोठे धोंडे गोलाकार रचून केलेली आवारे आणि शिळांची घरे त्यांच्या नजरेस पडली. जेवरगी येथील वर्तुळे त्यांनी उकरली. धनाच्या लोभाने अशा जागा खणणाऱ्यांची तेव्हाही वाण नव्हती. टेलर यांची पद्धत निराळी होती. भर कशाची, दगड कोणत्या खोलीवर, सांगाडा कोणत्या स्थितीत, लाल-काळी मडकी आणि लोखंडी वस्तू कोठे, याची ते नोंद करीत आणि खड्ड्याचा उभा छेद कागदावर काढीत. दफनाचा क्रम त्या छेदातून वाचता येत असे.

काही सांगाड्यांची मस्तके धडापासून वेगळी आढळली. हा नरबळीचा प्रकार असावा, असे टेलर यांनी मानले. हिंगोलीच्या ओढ्यातील प्रेते पाहिलेल्या माणसाला हे अनुमान सहज सुचले असावे, असे वाटल्यावाचून राहत नाही. इंग्लंड व आयर्लंडमधील शिळावर्तुळांशी असलेले साम्य पाहून त्यांनी या स्मारकांचा संबंध सिथियन आणि केल्टिक लोकांशी जोडला. तो तर्क पुढे टिकला नाही. ही दफने दख्खनच्याच लोहयुगातील, मुख्यतः इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातील मानली जातात. रेखाटनांचे मोल मात्र कमी झाले नाही. १९४७ मध्ये कर्नाटकातील ब्रह्मगिरी येथे महापाषाणीय दफने खणणारे मॉर्टिमर व्हीलर यांनी उत्खननशास्त्रावरील आपल्या ग्रंथात टेलर यांच्या छेदांची आवर्जून वाखाणणी केली. व्हीलर यांच्याकडून शाबासकी मिळणे ही साधी गोष्ट नव्हती.

१८५३ मध्ये टेलर यांची नेमणूक नळदुर्गला झाली. तुळजापूरच्या परिसरात घडणारी त्यांची ‘तारा’ ही कादंबरी १८६३ सालची. मधल्या काळात मोठा आघात झाला तो शोरापूरहून. ज्या बालराजाला त्यांनी लहानाचे मोठे होताना पाहिले होते, त्या वेंकटप्पा नायक यांनी १८५८ मध्ये इंग्रजांविरुद्ध उठाव केला आणि कैदेत असतानाच त्यांचा अंत झाला.

१८६० मध्ये निवृत्त होऊन टेलर आयर्लंडला गेले. शिळावर्तुळांवरील त्यांचा सविस्तर निबंध डब्लिनच्या रॉयल आयरिश अकादमीने प्रसिद्ध केला. दृष्टी अधू झाली असतानाही सालारजंग यांच्या निमंत्रणावरून १८७५ मध्ये ते हैदराबादला येऊन गेले. परतीच्या प्रवासात फ्रान्समधील मांतोन येथे १३ मे १८७६ रोजी त्यांचे निधन झाले. आत्मचरित्र पुढच्याच वर्षी निघाले. दफनस्थळांवरील लेख एकत्र होऊन ग्रंथरूपात यायला मात्र १९४१ साल उजाडले. निजाम सरकारच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख गुलाम यझदानी यांनी ते काम केले.